कड्याहून चीन : पट्टीतली कपात धरून किती?

‘चीनला जाऊन आलात म्हणे. किती लागले?’

कड्याच्या स्टँडवर चहा घेताना हा प्रश्न मला इतक्यांदा आला की उत्तर पाठ झालंय. भिंत कशी होती, लोक कसे होते, हे कुणी आधी विचारत नाही. त्यात वावगं काही नाही. बाजार समितीत कांदा विकून आलेला माणूस पट्टी हातात पडली की भावाकडे नंतर बघतो, आधी हमाली-तोलाई वजा जाऊन खाली किती उरले ते बघतो. चीनच्या सहलीची जाहिरात वाचतानाही हीच नजर ठेवावी. वर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा भाव असतो. पट्टी वेगळी असते, आणि या सहलीत बहुतेक कपात विमानात बसायच्या आधीच होते. प्रत्यक्ष चीनमध्ये हिंडणं-फिरणं मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच स्वस्त निघालं.

आम्ही दोघं नवरा-बायको सप्टेंबरात गेलो होतो. बीजिंग, शीआन आणि शांघाय, नऊ दिवस आणि आठ रात्री. टूर कंपनी घेतली नाही. खालचे आकडे माणशी आहेत आणि दोघांनी एक खोली वाटून घेतल्याचे आहेत. युआन हे चीनचं चलन, हिशेबाला एका युआनचे १३ रुपये धरा. बँकेत दर थोडा इकडेतिकडे होईल, पण डोक्यातल्या डोक्यात गुणाकार करायला हा आकडा पुरतो.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्ट नसेल तर सुरुवात तिथून. छत्तीस पानी पासपोर्टचे १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. बीडच्या पोस्टातल्या सेवा केंद्राची वेळ घेता येते, पण आपल्याला नगर जवळ पडतं. आणि २०१८ पासून देशात कुठेही अर्ज करता येतो, त्यामुळे ‘आपला जिल्हा बीड’ म्हणून उलट्या दिशेला हेलपाटा घालायची गरज नाही. पोलीस पडताळणी मात्र घरच्या पत्त्यावरच होते. आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे अर्जाआधी बघा. आपल्याकडे एका नावाची तीन स्पेलिंगं असतात आणि त्यातच महिना जातो.

मोबाईलवर हल्ली व्हिडिओ फिरतात, ‘चीन आता व्हिसाशिवाय, दहा दिवस फुकट राहा.’ ती सवलत खरी आहे, पण २४० तासांच्या त्या यादीत भारत नाही. हैनान बेटाच्या बिनव्हिसा यादीतही नाही. आपल्याला व्हिसा काढावाच लागतो. २०२३ च्या डिसेंबरात चिनी दूतावासाने भारतीयांसाठी शुल्कात पाव हिस्सा कपात केली. त्या दराने एकदा प्रवेशाचे २,९०० आणि दोनदा प्रवेशाचे ४,४०० रुपये पडतात. सूट मुदतीची असते आणि मुदत वाढवली जाते, म्हणून भरायच्या दिवशीचा दर बघूनच पैसे काढा. त्यावर मुंबईच्या अर्ज केंद्राचं सेवाशुल्क, फोटो (३३ बाय ४८ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, आपला नेहमीचा पासपोर्ट फोटो चालत नाही) आणि कड्याहून मुंबईची एक खेप. सगळं मिळून माणशी ७ हजार धरा.

सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं, विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग लागतं. शेतकऱ्याची अडचण इथे होते. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून आपण विवरणपत्र भरत नाही, आणि मग व्हिसाच्या फायलीत दाखवायला कागद नसतो. करपात्र उत्पन्न नसलं तरी विवरणपत्र भरता येतं, दोन वर्षं आधीपासून भरत राहा. दुसरी चूक म्हणजे अर्जाच्या आठ दिवस आधी पाहुण्यांकडून उसने घेऊन खात्यात तीन लाख टाकणं. स्टेटमेंट बघणाऱ्याला ते लगेच कळतं. हॉटेल नेहमी ‘रद्द केल्यास पैसे परत’ असलेलंच घ्या.

एक बारीक खाच आहे. हाँगकाँग चीनचाच भाग असला तरी प्रवेशाच्या हिशेबात तो वेगळा धरतात. मधे दोन दिवस हाँगकाँगला जाऊन पुन्हा मुख्य चीनमध्ये यायचं असेल तर एकदा प्रवेशाचा व्हिसा संपलेला असतो. असा बेत असेल तर पंधराशे रुपये वाचवायच्या नादात पडू नका, दोनदा प्रवेशाचा घ्या. हाँगकाँगसाठी आपल्याला ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते, तिला पैसे पडत नाहीत. कुणी एजंट तिचे दोन हजार मागत असेल तर हात जोडा. चीनचं आगमनपत्रही नोव्हेंबर २०२५ पासून ऑनलाइन भरता येतं, तेही फुकट.

विमान

पट्टीतली सगळ्यात मोठी रक्कम हीच. २०२० साली बंद झालेली थेट विमानसेवा २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता–ग्वांगझौ विमानाने पुन्हा सुरू झाली, नोव्हेंबरात दिल्लीहून ग्वांगझौ आणि शांघायसाठीही विमानं उडू लागली. मुंबईहून निघायचं तर बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग किंवा कोलंबोला बदलून जाणं सहसा परवडतं. जाऊन-येऊन ३५ ते ५० हजार, मी हिशेबात ४५ हजार धरलेत. उतरायचं एका गावी आणि परतायचं दुसऱ्या गावाहून (बीजिंगला उतरून शांघायहून परत) असं तिकीट काढलं तर शेवटचा एक दिवस आणि एक रेल्वे तिकीट वाचतं.

तारखा निवडताना आपली सुट्टी बघू नका, त्यांची बघा. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा त्यांचा राष्ट्रीय सुट्टीचा असतो. मेचे पहिले पाच दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणारं त्यांचं नववर्ष हेही तसेच. त्या दिवसांत सगळा देश फिरायला निघतो, हॉटेलं दुप्पट होतात आणि रेल्वेचं तिकीट मिळत नाही. आपली दिवाळी मात्र त्यांच्याकडे साधे दिवस. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि एप्रिल हे दोन काळ हवेला आणि खिशालाही बरे.

फोन नसेल तर भाकरीही नाही

कडक नोटा कमरेला बांधून गेलो तर चालेल, असं मला वाटत होतं. नोटा कायद्याने चालतात, पण भाजीवाल्या आजीबाईकडेसुद्धा सुटे नसतात. तिच्या टोपलीला क्यूआर कोड लटकवलेला असतो. आपल्याकडे यूपीआय आल्यापासून हे नवीन नाही, कड्याच्या पानटपरीवरही तेच चित्र आहे. फरक एवढाच की आपलं यूपीआय तिथे चालत नाही. निघायच्या आधी घरी बसूनच अलीपे आणि वीचॅट ही दोन ॲप घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पूर्ण करा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड जोडा. एका वेळी २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर ॲपचं शुल्क नाही, त्याच्या वर गेलात तर ३ टक्के. म्हणून हॉटेलचं बिल जाताना एकरकमी देण्याऐवजी रोजच्या रोज देता येतं का, हे विचारावं. आमच्या हॉटेलात हो म्हणाले. शिवाय आपली बँक परकीय चलनाचा अधिभार लावते तो वेगळा, तो साधारण दोन ते साडेतीन टक्के असतो. बँकेत फोन करून नेमका विचारा. आणि हजारभर युआनच्या नोटा जवळ ठेवाच, फोन पाण्यात पडला तर जेवणापुरत्या.

व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब, फेसबुक, जीमेल हे सगळं तिथल्या वायफायवर बंद असतं. आपल्या भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतं, कारण ते इंटरनेट आपल्या देशातून फिरून येतं. दहा दिवसांचे सुमारे ३ हजार रुपये. हॉटेलात गेल्यावर फुकट वायफाय वापरू म्हणालात तर घरच्यांना ‘पोचलो’ एवढंही कळवता येणार नाही. रस्ता शोधायला गुगलचा नकाशा तिथे कुचकामी, गाओद नावाचं त्यांचं नकाशाचं ॲप इंग्रजीत चालतं. ही सगळी ॲप भारतातच भरून घ्या.

दिवसभर फोन चालवायचा म्हणजे पॉवर बँक हवी. इथे माझं नुकसान झालं. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ‘थ्री सी’ हा चिनी प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. परतीच्या वाटेवर मधलं एक विमान देशांतर्गत होतं. नगरला चौदाशेला घेतलेली पॉवर बँक तपासणीच्या टेबलावर ठेवून आलो. तिथे जाऊन शिक्क्याची घेतली असती तर तेवढ्याच पैशात काम झालं असतं.

रेल्वे : इथे कड्याच्या माणसाने थोडं थांबावं

नगर–बीड–परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ साली. लांबी २६१ किलोमीटर. नगर ते न्यू आष्टी गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला, तेव्हा आपल्या कड्याला स्टेशन आलं. बीडला रेल्वे पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. मी त्या पहिल्या वर्षी डेमूत बसलो होतो, तेव्हा डब्यात निम्मे लोक नुसते बघायला आलेले होते, हातात नारळ.

बीजिंग–शांघाय वेगवान मार्ग १,३१८ किलोमीटरचा. काम सुरू झालं एप्रिल २००८ मध्ये, गाडी धावली ३० जून २०११ ला. यावर जास्त बोलत नाही. जमीन कशी घेतली, कुणाला विचारलं, हे प्रश्न तिथे विचारता येत नाहीत आणि आपल्याकडे येतात, हेही त्या तीन वर्षांत मोजावं लागेल. पण साडेतीनशेच्या वेगात खिडकीतून मक्याची रानं मागे पळताना पाहिली आणि माझ्या बायकोने शांतपणे विचारलं, ‘आपली गाडी सोलापूरवाडीला क्रॉसिंगला थांबते, तसं इथं नाही का?’

तिकिटं प्रवासाच्या पंधरा दिवस आधी उघडतात. ‘१२३०६’ या सरकारी ॲपवर परदेशी माणसालाही थेट काढता येतात. बाहेरच्या संकेतस्थळावर काढली तर वर सेवाशुल्क लागतं. पासपोर्ट हेच तिकीट, छापील कागद लागत नाही. दुसऱ्या वर्गातून बीजिंग–शीआन आणि शीआन–शांघाय दोन्ही मिळून १,२०० युआनच्या आसपास, म्हणजे सुमारे १५,६०० रुपये. वर्ग दुसरा असला तरी आपल्या शताब्दीपेक्षा ऐसपैस. विमान कधी कधी यापेक्षा स्वस्त दिसतं, पण विमानतळ गावाबाहेर आणि रेल्वे स्टेशन मेट्रोवर, हे धरलं की रेल्वेच बरी.

गावातल्या गावात मेट्रो. बीजिंगला पहिल्या सहा किलोमीटरला ३ युआन, बारापर्यंत ४, बावीसपर्यंत ५. प्रत्येक स्टेशनात पिशवी यंत्रातून जाते आणि पाण्याची बाटली दाखवावी लागते, त्यात वेळ जातो. टॅक्सीचं मीटर बीजिंगला १३ युआनपासून सुरू होतं. दीदी नावाची ओला-उबरसारखी सेवा अलीपेच्या आतच मिळते, तिथे चालकाशी बोलावं लागत नाही. शांघायला पुडोंग विमानतळाची चुंबकी रेल्वे ५० युआन, त्याच दिवशीचं विमान तिकीट दाखवलं तर ४०. तीस किलोमीटर आठ मिनिटांत. एकदा बसावी. रोजच्या प्रवासासाठी एकूण ५०० युआन, साडेसहा हजार.

बघण्यासारखं आणि त्याचे दर

बीजिंगचा राजवाडा, ज्याला जग निषिद्ध नगरी म्हणतं, त्याचं तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. पैशाची अडचण इथे नाही, जागेची आहे. तिकीट सात दिवस आधी रात्री आठला उघडतं आणि गर्दीच्या दिवसांत हां-हां म्हणता संपतं. दारावर खिडकी नाही. सोमवारी बंद. बाहेर फिरणारे लोक ‘दोनशे युआनात आत सोडतो’ म्हणतात, त्यांच्या नादी लागू नका, तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर असतं. समोरच्या तिआनआनमेन चौकात जायला पैसे नाहीत, पण त्याचीही आधी नोंदणी लागते.

भिंतीसाठी बादालिंग सगळ्यात गजबजलेलं. आम्ही मुतिआन्यूला गेलो. भिंतीचं तिकीट ४०, पायथ्याच्या बसचे १५, रोपवे जाऊन-येऊन १४० युआन. म्हणजे भिंतीपेक्षा रोपवे महाग. गुडघे धड असतील तर वर जाताना पायऱ्या चढा, तासाभरात होतं. हरिश्चंद्रगड केलेल्याला काहीच नाही. बीजिंगहून बस जाऊन-येऊन ८० ते १०० युआन. एका दिवसाची खासगी गाडी ६०० ते ८०० सांगतात, चौघं असाल तरच घ्या.

स्वर्गमंदिर सगळं मिळून ३४, उन्हाळी राजवाडा ३०. शीआनला मातीच्या सैनिकांचं तिकीट १२० युआन. १९७४ साली तिथल्या शेतकऱ्यांना विहीर खणताना ते सापडले. विहिरीला पाणी लागलं नाही तरी असं काही लागावं, असं आपल्या आष्टी तालुक्यातल्या कुणालाही वाटेल. शीआनच्या तटबंदीवर ५४ युआनात चढता येतं, वर भाड्याच्या सायकली असतात. शांघायचा नदीकाठ फुकट आहे आणि रात्री तोच सगळ्यात देखणा. ६३२ मीटर उंच शांघाय टॉवरवर चढायचे १८० मला खटकले, कारण धुकं होतं. आभाळ बघून त्याच दिवशी तिकीट काढा. सगळी तिकिटं मिळून ६७३ युआन, पावणेनऊ हजार रुपये. साठीच्या वरच्या माणसांना काही ठिकाणी निम्मं तिकीट असतं, प्रत्येक खिडकीवर पासपोर्ट पुढे करून विचारावं.

आणि फुकटचं म्हणाल तर संध्याकाळी सातनंतर कुठल्याही बागेत जा. साठी-पासष्टीच्या बाया स्पीकर लावून रांगेत नाचत असतात. कुणी लाजत नाही, कुणी बघत थांबत नाही. बायकोला एका आजीने हाताला धरून रांगेत ओढलं. पंधरा मिनिटं नाचली. गावात कुणाला सांगू नका म्हणाली आहे.

खाणं

कड्याच्या गाड्यावरचं मंचुरियन चीनमध्ये मिळत नाही, हे आधी सांगून ठेवतो. शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात, असं सगळे म्हणतात. हाल होत नाहीत, पण बोलावं लागतं. ‘वो छ सू’ म्हणजे ‘मी शाकाहारी’, हे चिनी अक्षरांत लिहून फोनमध्ये ठेवा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मांस काढून रस्सा तोच येतो, आणि काही ठिकाणी फोडणी डुकराच्या चरबीची असते. मापो टोफू नावाने साधं वाटतं, पण त्यात बहुधा खिमा असतो.

आम्ही जगलो ते चार पदार्थांवर. बटाट्याच्या बारीक सळ्यांची परतलेली भाजी, १५ ते २० युआन. वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरचीची ‘दी सान शिआन’, ३० च्या आसपास, चव जवळजवळ घरची. टोमॅटो-अंडं, अंडं चालणाऱ्यांसाठी. आणि शीआनच्या मुस्लिम गल्लीत लिआंगपी, तांदळाच्या थंड पट्ट्यांवर लाल मिरचीचं तेल आणि व्हिनेगर, १० युआन. मराठवाड्याच्या जिभेला तिखट म्हणावं असं चीनमध्ये मला तिथेच मिळालं. मांतोऊ नावाचा वाफवलेला पाव एक-दोन युआनला मिळतो. चव काही नसते, पण त्यावर आपला ठेचा घातला की पोट भरतं. भारतीय हॉटेलं बीजिंग-शांघायला आहेत, एका भाजीला ६० ते १०० युआन. एकदाच गेलो, पुन्हा नाही.

गरम पाणी हा त्यांचा धर्म आहे. स्टेशनात, रेल्वेच्या डब्यात, विमानतळावर उकळत्या पाण्याचे नळ असतात, फुकट. म्हणून तयार उपमा-पोह्याची पाकिटं न्या, डबा आणि चमचा न्या. शेंगदाण्याची चटणी, खाकरा, कडक भाकरी चालते. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका. भेट म्हणून कुंथलगिरीचे पेढे न्यावेत असं वाटेल, पण ते सीमाशुल्क तपासणीत जातील. येताना तिथलं बियाणं किंवा लसूण आणायचा मोह शेतकऱ्याला होतो. चिनी लसणावर भारतात २०१४ पासून बंदी आहे आणि बियाणं परवान्याशिवाय आणता येत नाही. दिवसाला १२० युआन धरून जेवणाचे १४ हजार.

हॉटेल तीन तारांकित, मेट्रोजवळचं, खोली ३०० ते ३५० युआन, सकाळचा नाश्ता धरून. माणशी आठ रात्रींचे अठरा हजार. परदेशी पाहुण्यांची पोलीस नोंदणी हॉटेलनेच करायची असते. फार स्वस्त ठिकाणी त्यांना ती करता येत नाही आणि रात्री अकराला दारातून परत पाठवतात. बुकिंगच्या वेळी ‘परदेशी पासपोर्ट चालतो का’ एवढं विचारा.

सोलापूरच्या डॉक्टरांसाठी एक दिवस

हा खर्च कुठल्याही टूर कंपनीच्या पत्रकात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले. कोटणीस राहिले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा आहे. बीजिंगहून वेगवान रेल्वेने सव्वा तास, दुसऱ्या वर्गाचं एका बाजूचं तिकीट १३० युआनच्या आसपास. आत जायला पैसे नाहीत. जाऊन-येऊन साडेतीन हजार रुपये आणि एक दिवस. आम्ही सोलापुरी चादरीचा एक लहान तुकडा नेला होता, पायथ्याशी ठेवला. झाडणाऱ्या माणसाने तो उचलून नीट घडी केली आणि पुन्हा ठेवला.

मग पट्टी किती?

व्हिसा ७ हजार, विमान ४५, हॉटेल १८, रेल्वे १६, तिकिटं पावणेनऊ, गावातला प्रवास साडेसहा, जेवण १४, फोन ३, विमा १ आणि कडा–मुंबई जाण्यायेण्याचे अडीच. बेरीज १ लाख २२ हजारांच्या घरात. चुकलेली गाडी, औषध, नातवंडांची खेळणी यांसाठी पंधरा वर ठेवा. कोटणीसांकडे जायचं तर साडेतीन आणखी. माणशी १ लाख ४० हजार हातात असल्याशिवाय निघू नये आणि ते कर्ज काढून तर नकोच.

टूर कंपन्या याच सहलीचे दीड ते सव्वादोन लाख सांगतात. त्यात गैर काही नाही. भाषेची धास्ती असेल, आई-वडील सोबत असतील तर मी स्वतः कंपनीच घेईन. पण पट्टी नीट वाचा. किमतीत ५ टक्के जीएसटी धरलाय का? टीसीएस वेगळा आहे का? टीसीएस म्हणजे आयकराची आगाऊ कपात, दर बजेटप्रमाणे बदलतो. २०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंतच्या परदेशी सहलीवर तो ५ टक्के होता. हे पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरणाऱ्यालाच. त्या दराने दोघांच्या साडेतीन लाखांवर साडेसतरा हजार होतात, आणि विवरणपत्र न भरणारे किती तरी लोक ते सोडून देतात. नंतर ‘टिप’. चीनमध्ये टिप द्यायची रीत नाही, तरी सहलीत दिवसाला पाच-सात डॉलर सक्तीने गोळा करतात. मग ‘ऐच्छिक कार्यक्रम’ आणि जेड, रेशीम, चहाच्या दुकानांत घालवलेले तास. खरेदीची सक्ती तर चीनच्याच २०१३ च्या पर्यटन कायद्याला मान्य नाही. किती दुकानं आणि किती वेळ, हे लेखी मागा. रस्त्यात गोड इंग्रजी बोलणारी मुलं ‘चहा प्यायला चला’ म्हणाली तर नमस्कार करून पुढे निघा, त्या चहाचं बिल हजारांत येतं.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचा व्हिसा नाकारला गेला आणि त्यांच्या कंपनीने ‘नियमाप्रमाणे’ म्हणत दोघांचे मिळून नव्वद हजार ठेवून घेतले. नियम कुठे लिहिलाय विचारलं तर पावतीच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. असं झालं तर पुण्या-मुंबईला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कड्याच्या माणसाने बीडला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

पैसे रोख देऊ नका. बँकेतून द्या, पावती घ्या, आणि तिच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा.